लूसीचे दिवस

जगात नऊ हजार माणसांचा एक देश आहे आणि त्या देशात माझ्या बायकोच्या नावाचा खाऊ मिळतो. खोटं वाटेल. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं होतं. तिथल्या दुकानात जाऊन कुणी 'दोन लूसी' म्हटलं की दुकानदार बरणीतून दोन सुकेळी काढून देतो. देशाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच फोनवर नकाशा उघडतात, दोन बोटांनी ताणून ताणून मोठा करतात आणि शेवटी 'अरे, हा तर नुसता ठिपका आहे' म्हणून हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. पूर्वी मीही हसायचो, म्हणून जरा जास्तच येतो.

मी रॉक. मूळचा वसईचा, गेली बावीस वर्षं डार्विनमध्ये. एका छोट्या जहाज कंपनीत वेळापत्रकं करतो. कुठलं जहाज कुठल्या तारखेला कुठल्या बंदरात लागणार, किती तास थांबणार, काय उतरवणार, काय चढवणार, हे माझ्या टेबलावर ठरतं. काम कंटाळवाणं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. घरातही माझा तोच खाक्या. जेवण दहा मिनिटं पुढे गेलं तरी माझं डोकं फिरायचं. लूसी म्हणायची, "लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये तू माझ्याआधी चाळीस मिनिटं येऊन बसला होतास, तेव्हाच मी पळून जायला हवं होतं."

लूसी आगाशीची. तिच्या वडिलांची केळीची वाडी होती आणि घरात सुकेळी करायची रीत होती. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, काठ्यांच्या मांडवावर आठवडाभर उन्हात ठेवायची, रोज परतायची, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायची. वाळून मधासारखी तांबूस झाली की केळीच्या वाळक्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीत, घट्ट गुंडाळून सुतळीने बांधायची. अशी पुडी चार-पाच महिने टिकते. आता आगाशीतही हे करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

डार्विनला मे ते ऑगस्ट एक थेंब पडत नाही. असं ऊन फुकट घालवणं लूसीला पाप वाटायचं. रॅपिड क्रीकच्या रविवारच्या बाजारातून ती लांब केळी निवडून आणायची आणि मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दांड्याखाली मांडव घालायची. वर पांढरी मच्छरदाणी. शेजारचा डॅरेन कुंपणावरून विचारायचा, "लूसी, केळ्यांना मलेरिया होतो का?" ती त्याला दर वर्षी एक पुडी द्यायची, आणि तो ती बिअरबरोबर खायचा.

सिना आम्हाला चर्चमध्ये भेटली. त्या ठिपक्यातून आलेली, तिशीची, खांद्याने रुंद, आवाजाने अगदी मऊ. तीन वर्षांच्या व्हिसावर शहराबाहेरच्या मळ्यात काम करायची, आधी टरबुजं, मग आंबे. मिस्सा संपल्यावर चहाच्या टेबलाशी एकटी उभी असायची. लूसीने एका रविवारी तिला जेवायला घरी आणलं आणि मग ती दर रविवारी येऊ लागली. इंग्रजी तिचंही मोडकं, लूसीचंही मोडकं. दोघी तासन्‌तास बोलायच्या.

पहिल्याच दिवशी तिने मच्छरदाणीखाली पाहिलं आणि विचारलं, "हे किती दिवस टिकतं?"

लूसीने पाच बोटं दाखवली. "महिने."

सिनाने मच्छरदाणी पुन्हा नीट झाकली. मग सांगायला लागली. तिच्या देशात दर पाच आठवड्यांनी एक जहाज येतं. तांदूळ, पीठ, डिझेल, औषधं, खिळे, वह्या, सगळं त्यातून. जहाज लांबलं की दुकानातली फडताळं रिकामी होतात. मासे असतात, पण माशांवर किती दिवस काढणार? केळी मात्र रग्गड. पण ती एकदम पिकतात, एकदम सडतात आणि शेवटी डुकरांना घालावी लागतात. "आम्ही डुकरांना घालतो," ती पुन्हा म्हणाली, "आणि मग आमची पोरं पिठाची वाट बघत बसतात."

ते जहाज आमचंच होतं. मी जेवता जेवता मान वर केली नाही. कारण त्या बंदरावर फुली मारायचा विचार तेव्हा माझ्याच डोक्यात चालू होता. जाताना जहाज भरून जायचं, येताना तिथून रिकामं यायचं. पूर्वी तिथून वाळलं खोबरं यायचं, मग ते घेणारा व्यापारी दुसरीकडे वळला आणि एका व्यापाऱ्याबरोबर त्या देशाची सगळी निर्यातच संपली. मोठ्या देशाचं एक गिऱ्हाईक गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन वर्षं, त्या कोरड्या महिन्यांत, सिना लूसीच्या हाताखाली शिकली. केळं कधी सोलायचं, किती परतायचं, बोटाने दाबून कसं ओळखायचं. सोपटात बांधायलाही शिकली. लूसीला त्या बांधण्याचा फार अभिमान. "सुतळीची गाठ सैल राहिली तर सासू परत पाठवायची," असं सांगून ती सिनाच्या पुड्या सोडायला लावायची. व्हिसा संपला, सिना परत गेली आणि आठ महिन्यांनी जहाजातून चाळीस खोकी आली. प्रत्येक खोक्यावर मार्करने लिहिलेलं, 'लूसी'.

तेव्हा माझी बायको आजारी होती. केमो चालू होतं. मी एक खोकं गाडीत टाकून घरी आणलं. तिने ते मांडीवर घेतलं, स्वतःचं नाव वाचलं आणि इतकी हसली की मला तिला धरावं लागलं. मग आतली प्लास्टिकची पिशवी पाहून नाक मुरडलं. "सोपटात नाही बांधलं?"

"क्वारंटाइनवाले पान, साल काही आत घेत नाहीत," मी म्हणालो. "केळीच्या रोगाचा धसका आहे त्यांना. मीच कळवलं होतं सिनाला. प्लास्टिक पाहिजे, सीलबंद."

"मग ती सुकेळी नव्हेत," लूसी म्हणाली, आणि दोन खाल्ली.

पुढच्या जूनमध्ये ती गेली.

मी तिच्याशिवाय राहायला शिकलो असं म्हणवत नाही. कामावर जात राहिलो. आमचा जेरोम सिडनीला क्वेकर्स हिलमध्ये असतो, तो म्हणाला इकडे ये. मी गेलो नाही. जहाज होतं ना. दर पाच आठवड्यांनी त्या देशातून खोकी येत होती, साठ, नव्वद, मग एकशे चाळीस. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या एका दुकानदाराने ती घ्यायला सुरुवात केली होती. गोदामात खोक्यांची थप्पी लागली की मी उगाच तिकडून एक चक्कर मारायचो. एकशे चाळीस वेळा तिचं नाव.

आणि सिनाचा मेसेज यायचा. माल चढला की ती विचारायची, 'लूसीचे दिवस किती?' हा तिथला शब्द. दुकान रिकामं झाल्यापासून पुढचं जहाज दिसेपर्यंतचे दिवस म्हणजे लूसीचे दिवस. लोक एकमेकांना सांगायचे, आज लूसीचा तिसरा दिवस. मी पुढच्या फेरीची तारीख कळवायचो. त्यावरून ती हिशेब करून घरोघर तेवढी सुकेळी मागे ठेवायला सांगायची आणि उरलेली विकायला पाठवायची. माझ्या तारखेवर नऊ हजार माणसं किती खायचं नि किती विकायचं ते ठरवत होती. मी तारीख कधी चुकवली नाही.

आता नियमाचं सांगतो. तो मीच केला होता. दीड वर्षापूर्वी, ती खोकी यायला लागल्यावर, माझ्या हाताने, मोठ्या हुशारीने. लागोपाठ तीन फेऱ्यांत एखाद्या बंदराने परतीचा माल दिला नाही, तर ते बंदर वेळापत्रकातून गळतं. कुणाला फोन करायला नको, कुणाची मनधरणी नको. वर आणखी एक कलम घातलं: माल डार्विनला उतरून गिऱ्हाईकाच्या हाती पडला तरच तो धरायचा. कारण दुसऱ्या एका बंदरातल्या एजंटने नाव टिकवायला रिकामी खोकी चढवली होती आणि मी त्याला पकडलं होतं. हेड ऑफिसने माझं कौतुक केलं, तो नियम सगळ्या मार्गांना लावला. मी ती ईमेल प्रिंट करून लूसीला दाखवली होती.

या वर्षी मार्चमध्ये तिथे चक्रीवादळ झालं. निम्म्या केळी आडव्या. जी सुकेळी विकायला ठेवली होती ती सिनाने वाटून टाकली, शाळेत, दवाखान्यात, छप्पर उडालेल्या घरांत. सरकारी मदतीचं विमान उतरायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस देश सुकेळ्यांवर आणि माशांवर जगला. एक माणूस उपाशी मेला नाही. जहाज पोचलं तेव्हा परत द्यायला एक खोकं नव्हतं. मी फॉर्म भरला. पहिली फेरी, माल नाही.

एप्रिलमध्ये खोकी तयार होती. पण समुद्र खवळलेला. तिथे मोठी गोदी नाही, होड्यांतून माल जहाजापर्यंत न्यावा लागतो. जहाज दोन दिवस बाहेर उभं राहिलं, होड्या निघूच शकल्या नाहीत. किनाऱ्यावर खोकी, समोर जहाज. तिसऱ्या दिवशी ते निघालं. मी फॉर्म भरला. दुसरी फेरी, माल नाही. 'हवामान' म्हणून वेगळी नोंद करता आली असती. नियमात तसं काही नव्हतं, म्हणून केली नाही. स्वतःचा नियम स्वतःच वाकवायचा, तेही बायकोचं नाव असलेल्या मालासाठी? लोक काय म्हणतील? असला माझा शहाणपणा.

मे महिन्याच्या शेवटी मात्र सगळं जमलं. एकशे चाळीस खोकी चढली. सिनाचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होतो. लिहिलं होतं, 'रॉक, माल तिकडे पोचेल तेव्हा लूसीला जाऊन एक वर्ष होईल. म्हणून या वेळी सगळ्या बायकांनी मिळून तिला आवडायचं तसं बांधलंय. सोपटात. एकही गाठ सैल नाही.' बरोबर फोटो. लांबच लांब चटईवर पुड्या, मागे चाळीस-पन्नास बायका हसत उभ्या.

मी टॉयलेटमध्ये जाऊन दार लावलं आणि रडलो. वर्षभरात पहिल्यांदा मोकळा रडलो. तोंड धुऊन बाहेर आलो आणि उत्तर लिहिलं, 'थँक यू, सिना. तिला फार आवडलं असतं.'

जहाज तेव्हा अजून तिथेच होतं. आणखी दीड दिवस असणार होतं. वेळापत्रक माझंच, मला मिनिटं पाठ. पन्नास बायकांना एकशे चाळीस खोकी उतरवून परत प्लास्टिकमध्ये भरायला अर्धा दिवस पुरला असता. मी नुसतं 'सोपट काढा' एवढं लिहायचं होतं. क्वारंटाइनची गोष्ट तिला सांगणारा मी. बावीस वर्षं बंदरात घालवलेला मी. माझ्या मनात आलंच नाही. त्या दिवशी नाही, पुढचे सहा दिवस जहाज समुद्रात होतं तेव्हाही नाही. मी रोज तो फोटो उघडून बायकोच्या वर्षश्राद्धाचा... आमच्यात तसं म्हणत नाहीत, तिच्या वर्षाच्या मिस्साचा विचार करत होतो. फुलं कुठली आणायची, हा विचार करत होतो.

डार्विनला क्वारंटाइनच्या तपासणीला आलेली मुलगी तरुण होती, कामाला चोख होती आणि वाईट मुळीच नव्हती. तिने पहिलं खोकं उघडलं, पुडी हातात घेतली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे मला आठवलं.

"हे बनाना मटेरियल आहे, यू नो दॅट, राइट?"

मी मान हलवली.

"आय अ‍ॅम सो सॉरी. ऑल ऑफ इट."

एकशे चाळीस खोकी जाळायला गेली. मी एक पुडी मागितली. तिने नाही म्हटलं, आणि तेच बरोबर होतं. गाडीत चढवताना एकाही खोक्यातल्या एकाही पुडीची गाठ सुटलेली मला दिसली नाही.

गुरुदत्त माझा साहेब. पुण्याचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, माणूस सरळ. मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसलो.

"रॉक, मला माहितीये हे तुझ्यासाठी पर्सनल आहे," तो म्हणाला. "पण सिस्टीमने फ्लॅग केलंय. तीन फेऱ्या झीरो."

"तिसरी झीरो नाही. माल आला होता."

"डिलिव्हर झाला नाही. कलम तुझंच आहे."

"मग एप्रिलची बदल. हवामान होतं. मी लिहून देतो."

"दोन महिन्यांनी? तुझ्याच सहीचा फॉर्म आहे. हेड ऑफिसला वाटेल तू..." त्याने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तेव्हाच लिहिलं असतंस तर मी डोळे झाकून पास केलं असतं. आय मीन इट. का नाही लिहिलंस?"

मी म्हणालो, "चूक माझी आहे. सिनाचा मेसेज मी वाचला होता. मला काढ. नोकरीवरून काढ, पण बंदर ठेव."

"तुला काढून तिथून माल कसा येणार रे?" तो अगदी हळू म्हणाला. "जून एंडची फेरी भरलेली आहे, ती जाईल. नंतर नाही. बघू, दुसरी कुठली कंपनी..."

दुसरी कुठलीच कंपनी नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्या ठिपक्यावर आमच्याशिवाय कुणी जात नाही. दोन मोठ्या बंदरांतून फिरून, चार महिन्यांनी कधीतरी एखादं जहाज वळलं तर वळलं.

जेरोमला फोन केला. तो म्हणाला, "डॅड, इट्स अ होल कंट्री. यू डोन्ट रन इट." त्याचा हेतू चांगला होता. मी फोन ठेवला.

सिनाला मी मेसेजवर सांगितलं नाही. फोन लावला, तीनदा तुटला, चौथ्यांदा लागला. सगळं सांगितलं. जहाज बंद झाल्याचं, आणि तिचा मेसेज वाचूनही मी गप्प बसल्याचं. तिने शिव्या घालाव्यात म्हणून थांबलो. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"सोपटात बांधायचं मी ठरवलं होतं," ती म्हणाली. "प्लास्टिक पाहिजे हे मला माहीत होतं. वाटलं, एकदा. तिच्यासाठी."

"तू मला कळवलंस. मी थँक यू लिहिलं."

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझा भाऊ म्हणतो, सगळ्यांनी ऑस्ट्रेलियाला जाऊ. मळ्यावर. सगळे गेले तर केळी कोण सुकवणार, रॉक?"

त्यापेक्षा तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती रडली असती तरी चाललं असतं.

जूनच्या अखेरीस शेवटचं जहाज गेलं. तांदूळ, पीठ, डिझेल, औषधं, वह्या. मी स्वतः गोदीवर उभा राहून प्रत्येक पॅलेट मोजलं. आदल्या दिवशीच घरी लूसीची पांढरी मच्छरदाणी खाली काढली, धुतली, वाळवली, घडी केली आणि कॅप्टनच्या हातात दिली. सिनाला दे म्हणालो. अंगणातला मांडव उघडा पडला. डॅरेनने कुंपणावरून पाहिलं आणि हातातली बिअर खाली ठेवली.

नवं वेळापत्रक मी सोमवारी पक्कं केलं. त्या बंदराची ओळ खोडली की खालच्या ओळी आपोआप वर सरकतात, मधे मोकळी जागाही राहत नाही. मी सही केली.

बुधवारी मेसेज आला. फोटोत समुद्राजवळ एक लांब मांडव, एका टोकाला आमची मच्छरदाणी, पुढे पडद्यांची कापडं, मासे पकडायची जाळी, कुणाकुणाच्या लुंग्या, जे मिळालं ते. खाली केळीच केळी. बायका होत्या, या वेळी पुरुषही होते. सिनाने लिहिलं होतं, 'वादळातून वाचलेल्या झाडांना फळ धरलंय. आता विकायचं नाही, सगळं ठेवायचं. माल उतरला, जहाज निघालं. लूसीचे दिवस किती?'

सवयीने विचारलं असेल. किंवा खरंच विचारलं असेल. आपल्याला तारीख देणारा एक माणूस आहे, एवढंच तिला माहीत.

मी वेळापत्रक उघडलं. डिसेंबरपर्यंत पाहिलं, पुढच्या वर्षीचं पाहिलं. दुपार तशीच गेली. बावीस वर्षांत मी तारीख विचारणाऱ्या कुणालाच रिकाम्या हाती पाठवलं नव्हतं. संध्याकाळी गुरुदत्त घरी जाताना दारात थांबला आणि माझ्या खोलीतला दिवा लावून गेला. मग मी लिहिलं.

'सिना, भरपूर सुकवा.'